रिकामा रकाना

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कामाच्या तिकिटात, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदीत, गिऱ्हाईकाच्या मागण्यांचं टेबल टाकताना सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरबाईंच्या नाकी नऊ आले. साहेबांनी सांगितलेल्या मागण्या भरून झाल्या, पण शेवटचा रकाना रिकामा उरला. तो रिकामा ठेवला की दोन्ही बाजूंच्या उभ्या रेघा एकमेकींना चिकटायच्या आणि अख्खं टेबल कोलमडायचं. असं का होतं म्हणून बाईंनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी काहीतरी ठोकायचं म्हणून तिथे लिहिलं, ‘बोलणारं बटण’. टेबल सुतासारखं सरळ झालं. त्या आनंदात बाई ते बदलायचं विसरल्या.

पुढच्याच आठवड्यात डिझायनर विचारत आला, "ताई, बटणाचा आवाज बाईचा ठेवू की बुवाचा?"

बाई खुर्चीतून उठल्या. बघतात तर काय, खिडकीपाशी चौघंजण हमरीतुमरीवर आलेले. बटणाने दाबणाऱ्याला 'अहो' म्हणावं की 'अरे'?

नोकरी जाणार ही धास्ती होतीच, पण एवढ्या जणांत एकालाही हे बटण कशाला, असं विचारावंसं कसं वाटलं नाही, याचंच बाईंना जास्त नवल वाटत होतं. त्या तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"साहेब, ते बटण गिऱ्हाईकाने मागितलेलंच नाही. रकाना रिकामा राहू नये म्हणून मीच लिहिलं."

साहेबांनी उठून दार लावलं. बाईंनी डोळे गच्च मिटले.

"हळू बोला हो," साहेब कुजबुजले. "बाकीचे रकाने मी तरी कशासाठी भरले, असं वाटतं तुम्हाला?"