हललेले फोटो

“अगं, हलू नकोस!” दादा मॉडेलवर खेकसला. सूर्य मावळतीला टेकला होता आणि तलावाकाठच्या शूटिंगची परवानगी अंधार पडेपर्यंतच होती. तिकडे बाबांना ऑपरेशनला आत नेलं होतं. “आपण तिथं बसून काय दिवे लावणार?” म्हणत दादानं शूट रद्द करू दिलं नव्हतं. आई तिथून फोन करणार होती. मॉडेलच्या चेहऱ्यावर उजेड पाडणारा चंदेरी बोर्ड सांभाळायचं काम माझं. दादानं काढलेले फोटो पाहिले. सगळे हललेले. आधी त्यानं वाऱ्याला शिव्या घातल्या, मग ड्रेस सावरणाऱ्या मदतनीस बाईला झापलं, शेवटी मला. “बोर्ड नीट धर! जेवला नाहीस का?” तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. “वाजू दे,” दादा ओरडला. “आधी हा फोटो. बोर्ड हलता कामा नये!” “दादा,” मी म्हणालो, “बोर्ड मघाशीच दगडाला टेकवलाय. थरथरतायत ते तुझे हात.”