दांड्यांमधलं अंतर

“आणखी जवळ घे,” केदारी अण्णा म्हणाले.

माधवीने स्क्रीनवर खिडकीच्या उभ्या दांड्या आणखी जवळ सरकवल्या. बेळगावच्या या आर्किटेक्टच्या ऑफिसात त्यांना मुलियन म्हणत. सॉफ्टवेअरमधल्या तयार चौकोनी दांड्या अण्णांना नको होत्या. कोगनोळीचा त्यांचा जुना बंगला नव्या खिडक्यांनी हायवेवरून उठून दिसायला हवा होता. म्हणून माधवीने सकाळभर बसून दांडीला कमळाच्या पाकळीची कड काढली होती, आणि ती तिला आवडलीही होती. दांडीच्या पोटात मात्र पोलाद घालायचं होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

“वरच्या मजल्यावर चोर कशाला चढतोय, अण्णा? एवढंच असलं तर ग्रिल बसवूया.”

“ग्रिल नको. पाव्हणे म्हणतील, जेल हाय व्हय? आणि आत येणाऱ्याची काळजी न्हाय गं मला.” अण्णांनी चहाचा घोट घेतला. “थोरली सून ह्याच खिडकीतनं गेली. उडी टाकली. आता धाकट्याचं जमायलंय, सदलग्याची पोरगी हाय. पुन्यांदा तसलं नको.”

माधवीचा हात माउसवरच राहिला. “का टाकली उडी?”

“का म्हणजे? खिडकी लई मोठी होती.”

शेजारच्या खुर्चीवर अण्णांची बायको सत्यवतीबाई बशीत चहा ओतून फुंकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“सेफ्टी महत्त्वाचीच की,” माधवीचे साहेब नागेंद्र म्हणाले. “अण्णा सांगतात तसं कर, माधवी.”

मापाचा अंदाज यावा म्हणून चित्रातल्या खिडकीत एक बाई उभी करायची ऑफिसची पद्धत होती. माधवीनेही सवयीने केली होती. निळी साडी, हात बाजूला, चेहरा कोरा. अण्णांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

“हिचं डोकं जातंय काय बघ.”

माधवीने बघितलं. सहा इंचांत जात होतं. चार इंचांत अडकलं.

“बास. आता ती बाई काढ. रिकामी खिडकी झ्याक दिसती. आणि पाव्हण्यांना फोटो पाठव. बघू देत, पोरगी कसल्या घरात याय लागलीय.”

माधवीला किळस आली. अण्णांची तर आलीच, पण साहेबांच्या हसण्याची आणि त्या पाकळीचीही आली. सगळ्यात जास्त आली ती सत्यवतीबाईंची. घरातली सून गेली आणि ही बाई सावकाश चहा पिते आहे.

साहेब अण्णांना फरशीचे नमुने दाखवायला आतल्या खोलीत घेऊन गेले. माधवीने निळ्या साडीवर क्लिक केलं. आता फक्त डिलीट दाबायचं होतं.

“ऱ्हाऊ दे तिला,” सत्यवतीबाई म्हणाल्या. त्यांनी बशी खाली ठेवली होती. “हे आतनं दिसतंय काय गं? खोलीतनं?”

“दिसतं की, काकू.”

“दाखव.”

माधवीने कॅमेरा फिरवून खोलीत आणला, पलंगाच्या उशाशी. आतून पाकळी दिसत नव्हती. नुसत्या काळ्या दांड्या होत्या, त्यांच्यापुढे पाठमोरी बाई, आणि दांड्यांच्या सावल्या पलंगापर्यंत आल्या होत्या. सत्यवतीबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग आतल्या खोलीकडे एकदा नजर टाकून त्यांनी पिशवीतून फोन काढला.

“ह्योच पाठव,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “बापाला नको. पोरीचा नंबर हाय माझ्याजवळ.”