हिरवा नमुना

सोफियातल्या प्रयोगशाळेत रुम्याना काचेवर सिरॅमिकचा पातळ थर चढवायची. थर जरा जाड झाला की त्याचा रंग पालटतो, म्हणून प्रत्येक नमुना खिडकीशी नेऊन, वाकून बघायचा.

सोनेरी नमुन्यात तिला पाठीमागचं दार दिसलं, लोटलेलं. जांभळ्यात ते किलकिलं होतं. निळ्यात सताड उघडं. दर वेळी ती वळून बघे, तर खरं दार आपलं नुसतं लोटलेलंच.

"झिव्को, पुरे आता," ती सोबत्याला म्हणाली. "दर नमुन्यात ते दार जास्तच उघडत चाललंय. पुढचा नमुना नको."

"गिऱ्हाइकाला हिरवा हवाय. निळ्याचं काय लोणचं घालू?" झिव्को म्हणाला. "आणि यंत्र सुरू झालंय, बाई. मध्येच उघडलं तर हवा शिरून सगळं मातीत."

दोन तास ती यंत्राच्या काचेकडे बघत नुसती बसून राहिली. आत थर चढत होता.

हिरवा नमुना झिव्कोनंच उन्हात धरला. "घे, झालं तुझं दार बंद. आता तरी दोन घास खा."

रुम्याना वाकली. दार खरंच बंद होतं, आणि त्याला आतून कडी घातलेली होती.

या वेळी तिला वळून बघवेना.