पिकायची वाट

डॉक्टरबाईंनी चादर बाजूला केली आणि केराबाईच्या पोटरीवरचं पोटीस सोडवलं. ज्वारीच्या पिठाचं, हळद-तेल घातलेलं पोटीस वाळून कडक झालं होतं. खाली पोटरी जांभळी पडली होती.

हे कुणी बांधलं, असं त्यांनी विचारलं.

"मीच की," केराबाईचा नवरा बिरप्पा म्हणाला. सांगोल्याकडच्या त्याच्या वाडीत माणसाचं गळू असो की मेंढराची गाठ, फोडायला लोक त्याच्याकडंच येत.

बाभळीचा काटा मोडला तेव्हाच सोलापूरला का आणलं नाही, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. पिकायची वाट बघत होतो, असं त्यानं सांगितलं. कच्चं कधी फोडू नये. तो रोज दाबून बघत होता. पू नव्हता, तापही नव्हता, म्हणून त्याला घोर नव्हता.

डॉक्टरबाई त्याला खिडकीपाशी घेऊन गेल्या. मावशींचं लिव्हर बऱ्याच वर्षांपासून खराब आहे हे माहीत होतं ना, म्हणाल्या. त्यानं मान डोलावली. औषधं तोच आणत होता.

"मामा, पू होतो तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळं. त्या जखमेकडं धावतात, लढतात, मरतात, त्यांचाच पू होतो. लिव्हर असं झालं की पेशी रक्तात असतात, पण धावत नाहीत. पोचल्या तरी त्यांच्याच्यानं लढवत नाही. हे पिकणारच नव्हतं. आत सडत चाललंय. आत्ता चिरून साफ केलं नाही तर मावशी वाचणार नाहीत, आणि त्या हात लावू देत नाहीत."

बिरप्पा खिडकीच्या गजाकडं बघत राहिला. रोज सकाळी तो दाबायचा तेव्हा ती कळवळायची. अजून कच्चं हाय, दम धर, असं तो म्हणायचा आणि ती दम धरायची.

तो खाटेपाशी परत आला. केराबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, ह्या डॉक्टरबाईचं वय असंल तेवढी वर्सं आमचे हे गाठी फोडत्यात. शेजारची बाई उशीवरून मान उचलून त्याला बघू लागली.

"अवो, ह्या कच्चंच फोडाय निघाल्यात," केराबाई त्याला म्हणाली. "तुमी बघा हात लावून. तुमी पिकलंय म्हणलात तर फोडू द्या. न्हायतर गावाकडं चला."

डॉक्टरबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. ते त्याच्या तोंडापर्यंत आलंही. शेजारची बाई बघत होती. केराबाईनं पाय थोडा त्याच्याकडं सरकवला.

त्यानं पोटरीवर अंगठा दाबला. मांस दगडासारखं टणक होतं. केराबाईनं दात आवळले, पण पाय मागं घेतला नाही.

"पिकलंय," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"मग न्या," केराबाई त्यांना म्हणाली. "ह्यांनी सांगितल्यावर मला भ्या न्हाय."

तिला घेऊन गेले. रिकाम्या खाटेपाशी बिरप्पानं अंगठा धोतराला पुसला. मग पुन्हा पुसला. अंगठ्याला काही लागलंच नव्हतं.