चांदी भरलेल्या बासष्ट दाढा

आर्वी केम्पाइनेनने हात वर केला आणि सभागृहातल्या दीडशे माणसांची कॉफी लांबली.

"प्रबंधाविरुद्ध कुणाला काही म्हणायचं असेल, तर त्यांनी अध्यक्षांच्या परवानगीने बोलावं," हे वाक्य त्याच्या मुलीने, मार्केत्ताने, नुकतंच उच्चारलं होतं. ते उच्चारावंच लागतं. आमच्या ओउलू विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रत्येक उमेदवार प्रबंधाची जाहीर उलटतपासणी संपली की हे म्हणतो. मग तीन सेकंद शांतता असते आणि मग सगळे केककडे धावतात. त्या तीन सेकंदांत कुणी खरोखर बोलायचं नसतं. सख्ख्या बापाने तर नाहीच नाही.

पण हा बाप पुओलांका गावचा अडतीस वर्षं सरकारी दंतवैद्य होता. त्या भागात कुणीही जांभई दिली तरी आत ह्याचीच चांदी दिसायची. मुलगी त्याच धंद्यात पडली आणि दाढांवर संशोधन करते म्हणाली, तेव्हा त्याने स्वतःहून कॉफीच्या दोन बरण्या आणून दिल्या. आत बासष्ट दाढा होत्या. सगळ्या त्याने चांदी भरलेल्या आणि पुढे हिरड्यांनी दगा दिला म्हणून त्यानेच काढलेल्या. "दाब खुशाल यंत्रात," तो म्हणाला होता. "यंत्र मोडेल."

यंत्र मोडलं नाही. एकेचाळीस दाढा उभ्या चिरल्या. पांढऱ्या फिलिंगच्याही बासष्ट दाढा दाबल्या, त्यातल्या बाराच चिरल्या. पांढरं फिलिंग चिकटतं आणि दाढेच्या भिंती धरून ठेवतं. चांदी चिकटत नाही, नुसती बसते. घास चावला की पाचर ठोकल्यासारखी भिंतींना बाहेर रेटते आणि सगळा ताण भिंतींच्या बुडाशी जमतो. मार्केत्ताने हे एकशे चाळीस पानांत ताणाच्या तांबड्या-निळ्या चित्रांसकट सिद्ध केलं. निष्कर्षाचं पहिलंच वाक्य होतं, 'चांदीने दाढा फोडल्या.' बापाने ते वाचलं आणि पाच महिने तो मुलीशी बोलला नाही. आमच्याकडे माणसं मुळातच कमी बोलतात, त्यामुळे हे तिच्या लक्षात यायलाच दोन महिने गेले.

आता तो उभा होता, भाड्याच्या काळ्या सुटात. परीक्षक सुंदक्विस्ट तीन तास छळून अखेर खूश झाला होता, पण त्याचा लेखी अहवाल बाकी होता. बापाचं ऐकून त्याने वाईट शेरा मारला असता तर पदवी लांबली असती. तेही मार्केत्ताने सोसलं असतं. म्हाताऱ्याचं चारचौघांत हसं झालं असतं, तर मात्र तो पुन्हा कधीच बोलला नसता. तिला त्याचीच धास्ती होती.

"अध्यक्षबाई," आर्वी म्हणाला, "उमेदवाराने दोन प्रकारच्या दाढा तपासल्या. तिसरा प्रकार राहिला. चावताना जिच्यावर ताण शून्य येतो, ती दाढ कुठली?"

"तशी दाढच नसते, बाबा," मार्केत्ता म्हणाली आणि जीभ चावली. "क्षमा असावी. सन्माननीय श्रोते."

"बरोबर. नसते. उपटलेली असते."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सुंदक्विस्टने पेन उचललं.

"त्रेसष्ट साली मी गावात नवा होतो," आर्वी म्हणाला. "तेव्हा पोरीचं लग्न ठरलं की तिचे सगळे दात उपटून टाकायचे आणि आहेर म्हणून कवळी द्यायची. किडके असोत की धडके. पुढे नवऱ्याला कटकट नको! पहिल्याच आठवड्यात एक एकोणीस वर्षांची पोरगी आली. हातात होणाऱ्या सासऱ्याची चिठ्ठी. सगळे काढा. मी म्हटलं, खड्ड्यात गेला तुझा सासरा. अकरा दाढा भरल्या. नऊ खेपा घातल्या तिने, बर्फातून, स्कीवर. तुझं ते पांढरं फिलिंग तेव्हा कुणाच्या बापाने पाहिलं होतं? चांदीने दाढा फोडल्या, कबूल. पण फुटायला त्या तोंडात शिल्लक होत्या."

आता कुणी हसलं नाही. मार्केत्ताने समोरच्या प्रबंधाकडे पाहिलं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं आणि तरीही तिला लाज वाटली.

"हे माझ्या प्रबंधात नाही," ती म्हणाली. "असायला हवं होतं."

"तेवढं मी अहवालात लिहितो," सुंदक्विस्ट म्हणाला. "पदवी अडत नाही त्याने."

मार्केत्ताचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बापाकडे बघत होती.

"बाबा, मग त्या मुलीचं काय झालं? सासऱ्याने लग्न मोडलं?"

म्हातारा कानापर्यंत लाल झाला आणि मटकन खाली बसला. त्याच्या शेजारून मार्केत्ताची आई लेंपी उठली. तिने अध्यक्षबाईंची परवानगी-बिरवानगी काही मागितली नाही.

"लग्न झालं की ठरल्या दिवशी," ती म्हणाली. "फक्त नवव्या खेपेपर्यंत नवरदेव बदलला होता."