आपल्याला कुणाला दाखवायचंय?

कोथरूडच्या त्या पॉलिक्लिनिकमध्ये अकरा डॉक्टर बसतात. दिगंबरराव रोज सकाळी दहाला येऊन तिथल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. ओळखीचं कुणी आलं की सरकून जागा द्यायचे, हातातले रिपोर्ट मागून घ्यायचे.

"गुडघ्यासाठी नक्की कुणाकडे जाऊ हो?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर जा. पण तुम्हाला ॲसिडिटी होते, ते आधी सांगा. नाहीतर भलतीच गोळी लिहून देतील."

मंदाकिनीबाईंनी रिसेप्शनवर नंबर घेतला. त्या घाईघाईने लिफ्टकडे गेल्या आणि शेजारची खुर्ची पुन्हा रिकामी झाली.

रिसेप्शनवरची स्पृहा आठवडाभर हे बघत होती. शेवटी ती उठून त्यांच्यापाशी आली.

"आजोबा, तुमची फाइल नाही, नंबर नाही. आपल्याला कुणाला दाखवायचंय?"

"कुणालाच नाही. मी ठणठणीत आहे."

"मग रोज येऊन बसता कशाला?"

दिगंबररावांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.


"मागच्या गल्लीत छत्तीस वर्षं माझा दवाखाना होता, बाळ. तो बंद केल्यापासून माझे पेशंट मला इथेच भेटतात."