घरी कोण वाट बघतंय?

"एर्मेलिंडा, रविवारी दुकान तूच उघड," औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई दोन्या ग्रिसेल्दा किल्ली पुढे सरकवत म्हणाल्या. "रुबेनला बायकापोरं आहेत. तुझी घरी कोण वाट बघतंय?" प्रत्येक सुट्टीला ती हेच ऐकत आली होती. आई आजारी असल्याचं सांगावं, असं तिला वाटलं; पण आईला जाऊन वर्ष झालं होतं, आणि खोटं रेटण्याइतकं त्राणही उरलं नव्हतं. "कोणीच नाही बघत," ती म्हणाली. "मला पाराना नदीकाठी एकटीनं बसून गारेगार तेरेरे प्यायचाय." "एवढ्यासाठी सुट्टी?" "एवढ्यासाठीच." मागे खोकी फोडणाऱ्या रुबेननं पुढे येऊन किल्ली उचलली. "मी येतो. इथं निदान कोणी सारखं 'पप्पा, पप्पा' करणार नाही." रविवारी एर्मेलिंडा नदीकाठी झाडाखाली टेकली आणि तिथंच झोपली. थर्मासमधला बर्फ वितळला, तरी तिला कोणी उठवलं नाही.